एकच तांदूळ, चार उत्तरे: भारताच्या २०१८-१९ च्या अधिसूचनेचा प्रकरण अभ्यास

२०२० च्या मार्चअखेरीस भारताने जागतिक व्यापार संघटनेच्या कृषी समितीकडे एक अधिसूचना, म्हणजे शेतीला दिलेल्या आधाराचा हिशेब कळवणारा कागद, दाखल केली. २०१८-१९ या पणन वर्षात देशातील तांदळाच्या उत्पादनाचे मूल्य ४३.६७ अब्ज डॉलर होते, त्या पिकाला हमीभावामार्फत मिळालेला आधार सुमारे ५ अब्ज डॉलर होता आणि हे प्रमाण ११.४६ टक्के भरते, असे तीत नमूद केले होते. विकसनशील देशांना एखाद्या पिकामागे उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांपर्यंत असा आधार देण्याची मुभा आहे. ही मर्यादा ओलांडल्याचे भारताने स्वतःच लिहून दिले आणि संघटनेच्या २०१३ च्या बाली परिषदेत मान्य झालेल्या शांतता कलमाचे, म्हणजे अन्नसाठ्यांसाठी मर्यादा ओलांडली तरी तंट्यापासून वाचवणाऱ्या तरतुदीचे, संरक्षण मागितले. हे कलम वापरणारा भारत हा पहिला देश ठरला.

या घटनेवर आपल्याकडे जी चर्चा झाली ती बहुतेक ‘मर्यादा मोडली की नाही’ एवढ्यावरच थांबली. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो ११.४६ हा आकडा तयार होण्याचा मार्ग, कारण त्याच वर्षीच्या त्याच तांदळासाठी, त्याच हमीभावावर, करारातील त्याच सूत्राने ३० टक्के, ३३ टक्के किंवा ८६ टक्के असेही उत्तर काढता येते. कोणते उत्तर कोणत्या गृहीतावर उभे आहे हे अधिसूचनेच्या नमुन्यातून वाचणाऱ्याला सहज कळत नाही, आणि शेतीविषयक धोरणांच्या अहवालनात सुधारणा करायची तर कामाची सुरुवात इथूनच करावी लागेल.

नमुना आणि त्याचे रकाने

१ जानेवारी १९९५ रोजी लागू झालेल्या संघटनेच्या कृषी करारात अठरावे कलम सदस्य देशांच्या अहवालनाविषयी आहे. कोणत्या विषयावर कोणता तक्ता भरायचा, याची मांडणी समितीने १९९५ च्या जूनमध्ये ठरवली आणि तीच मांडणी आजही वापरात आहे. देशांतर्गत आधाराचा मुख्य तक्ता दरवर्षी, वर्ष संपल्यापासून ९० दिवसांच्या आत द्यायचा असतो. अल्पविकसित देशांना तो दोन वर्षांतून एकदा द्यावा लागतो. कमी शुल्काने आयातीचे कोटे, निर्यात अनुदाने, अन्नधान्याच्या निर्यातीवरील बंधने यांचे तक्ते निराळे आहेत.

मुख्य तक्त्याला पुरवणी तक्ते जोडलेले असतात आणि त्यांतला पाचवा आपल्या प्रकरणाच्या केंद्रस्थानी आहे. त्यात पिकाचे नाव, वर्ष, सरकारने ठरवलेली किंमत, बाह्य संदर्भ किंमत (जिच्याशी तुलना करायची ती किंमत), पात्र उत्पादन (सरकारी किंमत ज्याला लागू होते तो माल), संबंधित शुल्क किंवा वजावट आणि शेवटी एकूण आधार असे रकाने येतात. सूत्र साधे आहे: सरकारी किमतीतून संदर्भ किंमत वजा करायची, आलेल्या फरकाला पात्र उत्पादनाने गुणायचे. संदर्भ किंमत मात्र चालू बाजारातली नसून १९८६ ते १९८८ या तीन वर्षांच्या सरासरीवर गोठवलेली आहे. धान्य साठवण्याचा किंवा खरेदीचा प्रत्यक्ष खर्च या हिशेबात धरायचा नाही, असे करारातच म्हटले आहे. त्यामुळे जो आकडा ‘अनुदान’ म्हणून बातम्यांत येतो तो सरकारी तिजोरीतून गेलेली रक्कम दाखवत नाही, हे ध्यानात ठेवूनच पुढचे वाचावे लागते.

या नमुन्यात एक उणीव अशी आहे की ती पहिल्यांदा लक्षात आली तेव्हा माझा स्वतःच्या वाचनावर विश्वास बसेना. आधार मर्यादेत आहे की नाही हे ठरवायला त्या पिकाचे एकूण उत्पादनमूल्य लागते. पण ते देण्यासाठी नमुन्यात सक्तीचा रकानाच नाही. काही देश ते स्वतःहून तळटिपेत किंवा टिपणांच्या रकान्यात देतात, काही देत नाहीत. म्हणजे टक्केवारीचा नियम आहे आणि टक्केवारी काढायला लागणारा छेद मागितलेला नाही.

हिशेब मांडून पाहिल्यावर

२०१८-१९ च्या खरीप पणन हंगामासाठी साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला १,७५० रुपये होता. भाताची भरडाई केल्यावर सुमारे दोन तृतीयांश तांदूळ हाती येतो. कच्च्या तांदळासाठी सरकार गिरण्यांकडून ६७ टक्के आणि उकड्या तांदळासाठी ६८ टक्के उतारा मागते. सोयीसाठी दोन तृतीयांश धरले तर टनभर तांदळाची सरकारी किंमत २६,२५० रुपये होते. त्या वर्षी डॉलर साधारण ७० रुपयांना होता, म्हणून ही किंमत ३७५ डॉलर. १९८६-८८ ची संदर्भ किंमत टनाला २६२.५१ डॉलर. फरक ११२.५ डॉलर. त्या हंगामात सरकारी यंत्रणांनी तांदळाच्या हिशेबात सुमारे ४४४ लाख टन खरेदी केली. गुणाकार केला की ५ अब्ज डॉलर येतात. देशाचे एकूण उत्पादन सुमारे १,१६५ लाख टन होते. ३७५ डॉलरने त्याचे मूल्य ४३.७ अब्ज डॉलर होते आणि प्रमाण ११.४ टक्के. भारताने कळवलेल्या आकड्याशी हे जुळते, म्हणजे भारताची पद्धत अशीच आहे हे बाहेर बसलेल्या वाचकालाही ताडून पाहता येते.

आता एकच गोष्ट बदलू. पात्र उत्पादन म्हणजे प्रत्यक्ष खरेदी केलेला माल न मानता देशात पिकलेला सगळा तांदूळ मानू. फरक तोच, ११२.५ डॉलर, पण तो आता सगळ्या उत्पादनाला लागू होतो. उत्तर ३० टक्के.

दुसरी गोष्ट बदलू आणि पहिली पूर्ववत ठेवू. भारताने करारात सामील होताना आपल्या बांधिलकीच्या आधारपत्रकात संदर्भ किंमत रुपयांत दिली होती: तांदळासाठी टनाला ३,५२० रुपये. हिशेब रुपयांतच ठेवला तर फरक २२,७३० रुपयांचा पडतो. फक्त ४४४ लाख टन खरेदी धरली तरी आधार सुमारे १ लाख कोटी रुपये होतो, उत्पादनमूल्य सुमारे ३ लाख ६ हजार कोटी, आणि प्रमाण ३३ टक्के.

दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या, म्हणजे रुपयांत हिशेब आणि सगळे उत्पादन पात्र, तर प्रमाण ८६ टक्क्यांच्या पुढे जाते.

चारही हिशेबांत शेतकऱ्याला मिळालेला भाव बदललेला नाही, गोदामातले एक पोतेही कमी-जास्त झालेले नाही. चलन बदलल्याने एवढी उलथापालथ का होते तेही सांगायला हवे. १९८६-८८ मध्ये डॉलर सुमारे १३ रुपयांना होता. २६२.५१ डॉलरची संदर्भ किंमत २०१८-१९ च्या दराने रुपयांत आणली तर ती १८,००० रुपयांच्या वर जाते, म्हणजे मूळ ३,५२० च्या पाचपटीहून अधिक. डॉलरमध्ये हिशेब करणे म्हणजे गोठवलेल्या किमतीला तीस वर्षांची महागाई मागच्या दाराने जोडणे होय. ते चूक आहे असे मी म्हणणार नाही. करारातच अठराव्या कलमात अतिरेकी महागाईचा परिणाम विचारात घ्यावा असे म्हटले आहे आणि भारत त्याचाच आधार घेतो. दुसरी बाजू म्हणते की करार हिशेबाची पद्धत मूळ आधारपत्रकाप्रमाणे ठेवायला सांगतो आणि ते आधारपत्रक रुपयांत आहे. दोन्ही बाजूंना करारात शब्द सापडतात. तक्त्यात मात्र ‘चलन: अमेरिकी डॉलर’ एवढेच दिसते, त्यामागचे कारण दिसत नाही.

‘पात्र उत्पादन’ या दोन शब्दांवर तर निवाडेही झाले आहेत. कोरियाच्या गोमांस प्रकरणात संघटनेच्या अपील मंडळाने २००० च्या डिसेंबरमध्ये असे स्पष्ट केले की जेवढा माल सरकारी भावाने विकला जाण्यास पात्र आहे तेवढा सगळा मोजायचा, मग सरकारने त्यातला प्रत्यक्षात किती घेतला हे पाहायचे नाही. सरकारने आधीच अमुक इतकाच माल घेऊ असे जाहीर केले असेल तर तेवढाच पात्र ठरतो. चीनच्या गहू, तांदूळ आणि मका यांच्याविषयी अमेरिकेने केलेल्या तक्रारीत २०१९ च्या फेब्रुवारीत आलेल्या पंचमंडळाच्या अहवालाचा रोखही पात्रता सरकारी नियमांवरून ठरवण्याकडेच होता. भारतात हमीभावाची खरेदी तत्त्वतः खुली आहे. खरेदी केंद्रावर ठरलेल्या प्रतीचा माल घेऊन येणाऱ्याला परत पाठवायचे नाही असे धोरण आहे. प्रत्यक्षात मात्र पंजाब, हरियाणा, छत्तीसगड, तेलंगण अशा मोजक्या राज्यांत ती एकवटलेली असते आणि अनेक जिल्ह्यांतला शेतकरी हमीभावाच्या खालीच व्यापाऱ्याला माल देतो. ज्याच्या गावाजवळ खरेदी केंद्रच उघडले नाही त्याचे पीकही ‘पात्र’ मानायचे का, हा प्रश्न भाषेचा कीस काढण्यासारखा वाटेल, पण ११ आणि ३० मधले अंतर तेवढ्यावरच उभे आहे.

२०१८ चा आक्षेप

ही चार उत्तरे कागदावरची नव्हेत. २०१८ च्या मे महिन्यात अमेरिकेने भारताच्या गहू आणि तांदळाविषयी प्रति-अधिसूचना दाखल केली. दुसऱ्या सदस्याने कळवायला हवी होती अशी बाब समितीच्या नजरेस आणण्याची सोय अठराव्या कलमात पहिल्यापासून होती, पण एखाद्या देशाच्या उपाययोजनांविषयी समितीपुढे आलेली ही पहिलीच प्रति-अधिसूचना असल्याचे अमेरिकेने तेव्हा सांगितले. २०१०-११ ते २०१३-१४ या चार वर्षांसाठी रुपयांत आणि एकूण उत्पादनावर हिशेब करून अमेरिकेने गव्हाचा आधार ६० टक्क्यांहून अधिक आणि तांदळाचा ७० टक्क्यांहून अधिक असल्याचे मांडले. भारताच्या स्वतःच्या अधिसूचनांमध्ये त्या वर्षांचे आकडे १० टक्क्यांच्या आत होते. त्याच वर्षी कापसावर अमेरिकेची आणि उसावर ऑस्ट्रेलियाची अशीच कागदपत्रे आली. २०१९ च्या सुरुवातीला अमेरिका आणि कॅनडा यांनी मिळून कडधान्यांवर एक दाखल केली.

भारताचे उत्तर थोडक्यात असे होते: आपण वर्षानुवर्षे याच पद्धतीने कळवत आलो आहोत, डॉलर वापरण्याला करारात आधार आहे आणि न खरेदी केलेल्या मालाला आधार मिळाला असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. समितीत प्रश्नोत्तरे झाली, कोणीही आपली जागा सोडली नाही.

मला या प्रति-अधिसूचनेत एक गोष्ट उपयोगाची वाटते. तीत प्रत्येक वर्षाचा हमीभाव, उतारा, उत्पादन आणि संदर्भ किंमत ओळीने मांडून शेवटचा आकडा कसा आला ते दाखवले आहे. आक्षेप मान्य असो वा नसो, हिशेब उघडा आहे. मूळ अधिसूचनाच एवढी उघडी असती तर आक्षेपाला फक्त पद्धतीवर बोलावे लागले असते. ‘कमी दाखवले’ असा लपवाछपवीचा आरोप त्याला चिकटला नसता.

सात वर्षांची रांग आणि सहा महिन्यांचा कागद

या प्रकरणाची दुसरी बाजू वेळेची आहे. भारताने १९९८-९९ ते २००३-०४ या सहा वर्षांचा देशांतर्गत आधार २०११ मध्ये एकदम कळवला. त्यापुढची सात वर्षे, म्हणजे २००४-०५ ते २०१०-११, २०१४ च्या सप्टेंबरमध्ये एकाच कागदपत्रात आली. नव्वद दिवसांच्या मुदतीपुढे ही दिरंगाई मोठी आहे, पण भारत एकटा नाही. अमेरिकेने २००२ ते २००५ चे तक्ते २००७ च्या ऑक्टोबरमध्ये दिले. चीनने २०११ ते २०१६ या सहा वर्षांचे तक्ते २०१८ च्या डिसेंबरमध्ये दिले, तेही अमेरिकेच्या तक्रारीवरचा वरील खटला चालू असताना.

आता २०१८-१९ च्या तांदळाकडे पाहा. पणन वर्ष २०१९ च्या सप्टेंबरअखेर संपले आणि अधिसूचना २०२० च्या मार्चअखेर आली. सहा महिने. सात वर्षांची रांग लावणारे हेच मंत्रालय, हीच आकडेवारी गोळा करण्याची पद्धत, मग वेग कुठून आला?

माझ्या मते त्याचे उत्तर बालीच्या निर्णयात आहे. ७ डिसेंबर २०१३ रोजी मान्य झालेल्या त्या निर्णयाने विकसनशील देशांच्या अन्नसुरक्षेसाठीच्या सार्वजनिक साठ्यांना तंट्यापासून संरक्षण दिले, पण अट घातली: मर्यादा ओलांडली आहे किंवा ओलांडण्याचा धोका आहे हे समितीला कळवायचे, मागच्या पाच वर्षांच्या अधिसूचना पूर्ण असायला हव्यात, आणि सोबत जोडलेला माहितीचा तक्ता भरून द्यायचा. नोव्हेंबर २०१४ मध्ये संघटनेच्या सर्वसाधारण परिषदेने हे संरक्षण कायमचा तोडगा निघेपर्यंत चालू राहील असे स्पष्ट केले. म्हणजे अहवाल वेळेवर देण्याला पहिल्यांदाच देणाऱ्याच्या दृष्टीने किंमत आली. सात वर्षांचा थकलेला कागद बाली परिषदेनंतर नऊ महिन्यांत निघाला आणि २०१८-१९ चा कागद सहा महिन्यांत निघाला, यात मला योगायोग दिसत नाही. पुढच्या दोन वर्षांतही भारताने हेच कलम वापरले. २०१९-२० साठी १३.७ टक्के आणि २०२०-२१ साठी १५.१४ टक्के असे वाढते प्रमाण स्वतःहून लिहून दिले.

याच्या उलट टोकाचा प्रस्ताव २०१७ पासून अमेरिका मांडत आली आणि पुढच्या वर्षी युरोपीय संघ, जपान, अर्जेंटिना, कोस्टा रिका त्यात सामील झाले: अधिसूचना थकवणाऱ्या सदस्यावर प्रशासकीय दंडात्मक उपाय करावेत. भारत, दक्षिण आफ्रिका आणि आफ्रिकी देशांच्या गटाने त्याला विरोध केला. ज्या राजधानीत हा सगळा कागद एक-दोन अधिकारी इतर दहा कामांसोबत भरतात, तिथे शिक्षेने तक्ता लवकर येणार नाही, घाईत भरलेला येईल. दंडाचा विचार मी सरसकट फेटाळत नाही. साधने असूनही वर्षानुवर्षे गप्प राहणाऱ्या मोठ्या सदस्यांवर काही बोजा असावा. पण या प्रकरणातला पुरावा दुसऱ्या दिशेला बोट दाखवतो.

बालीच्या माहिती-तक्त्याकडे इथे जरा थांबून पाहायला हवे, कारण त्यात नेहमीच्या तक्त्यात नसलेले पुष्कळ आहे. वर्षारंभीचा साठा, वर्षभरातील खरेदी आणि तिची किंमत, वितरणासाठी बाहेर काढलेला माल आणि त्याची किंमत, वर्षअखेरचा साठा, देशाचे एकूण उत्पादन, त्यातला किती हिस्सा खरेदी झाला, किती लोकांना लाभ मिळाला, आयात किती, निर्यात किती. ही माहिती समोर असली की मी वर केलेले चारही हिशेब कोणालाही करता येतात. शिवाय खरी काळजी ज्यांना आहे, म्हणजे थायलंड किंवा व्हिएतनामसारखे निर्यातदार, त्यांचा प्रश्नही ‘तुमची टक्केवारी किती’ हा नसून ‘तुमच्या गोदामातला स्वस्त तांदूळ आमच्या बाजारात येतो का’ हा आहे. भारत जगातला सर्वांत मोठा तांदूळ निर्यातदार असल्याने तो प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर साठ्याच्या हालचालीत सापडते. १९८६ च्या किमतीशी केलेल्या वजाबाकीत ते सापडणार नाही.

आकडा काय मोजतो

वजाबाकीविषयी एक गोष्ट सांगितली नाही तर प्रकरण अपुरे राहील. २०१८ मध्ये थायलंडचा साधा पांढरा तांदूळ टनाला साधारण ४०० डॉलरच्या आसपास विकला जात होता. भारताची सरकारी किंमत, आपल्याच हिशेबाप्रमाणे, ३७५ डॉलर. म्हणजे चालू बाजाराशी तुलना केली तर त्या वर्षी साध्या तांदळात हमीभावामुळे फारसा फरक पडलेला दिसत नाही. करारातील सूत्र जे ११, ३०, ३३ किंवा ८६ टक्के दाखवते त्यातले एकही या वस्तुस्थितीच्या जवळ जात नाही.

आणि हे एका देशापुरते नाही. जपानने १९९८ च्या हिशेबात तांदळाची सरकारी किंमत काढून टाकली; त्याबरोबर त्या देशाने कळवलेला एकूण आधार आदल्या वर्षीच्या सुमारे ३.२ लाख कोटी येनवरून पाऊण लाख कोटी येनच्या घरात आला. सीमेवरचे आयात शुल्क जागेवर होते, जपानी ग्राहक देत असलेला भाव जागेवर होता, कागदावरचा आधार मात्र तीन चतुर्थांशांनी आटला. अमेरिकेने २००८ च्या शेती कायद्यात दुधाऐवजी लोणी, भुकटी आणि चीज यांना आधारभाव लावला, तेव्हाही तक्त्यातला दुधाचा आकडा असाच उतरला. हे सगळे करारात बसते. म्हणूनच मी भारताच्या आकड्याला खोटा म्हणणाऱ्यांशी सहमत नाही आणि तो निर्विवाद आहे असे म्हणणाऱ्यांशीही नाही. अहवालनाचा नमुना सुधारल्याने सूत्र सुधारणार नाही, ते वाटाघाटींचे काम आहे. पण सूत्राचे दोष लपून राहणार नाहीत.

निसटलेल्या दोन गोष्टी

राज्यांचा बोनस ही पहिली. कृषी करार राष्ट्रीय आणि त्याखालच्या पातळीवरचा आधारही मोजायला सांगतो. छत्तीसगडमध्ये २०१८ च्या डिसेंबरमध्ये नवे सरकार आल्यावर भाताला क्विंटलमागे २,५०० रुपये देण्यात आले, म्हणजे केंद्राच्या हमीभावावर ७५० रुपये. केंद्राने २०१४ मध्येच राज्यांना अशा बोनसपासून परावृत्त करायचे धोरण घेतले होते, तरी तो थांबला नाही. वर मी केलेला हिशेब केंद्राच्या १,७५० रुपयांवरच ४३.६७ अब्जांशी आणि ५ अब्जांशी जुळतो, म्हणजे राज्यांचा बोनस त्यात धरलेला दिसत नाही, हे वाचकाने लक्षात घ्यावे. राज्याराज्यांच्या अर्थसंकल्पांतून हे आकडे वेळेत गोळा करणे अवघड आहे, हे मान्य. संघराज्य असलेल्या प्रत्येक सदस्यापुढे ही अडचण आहे. पण नमुन्यात राज्यांच्या आधारासाठी वेगळी ओळ असती तर ती रिकामी ठेवताना निदान कारण द्यावे लागले असते.

दुसरी गोष्ट उसाची. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांच्या तक्रारीवर २०२१ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या पंचमंडळाच्या अहवालात भारताने १९९५-९६ नंतर उसाच्या आधाराची अधिसूचनाच दिली नाही असा निष्कर्ष आहे. भारताची भूमिका होती की उसाचा रास्त व किफायतशीर दर साखर कारखाने देतात, सरकार देत नाही, म्हणून तो बाजारभाव-आधारात, म्हणजे सरकारी किमतीतून मिळणाऱ्या आधारात, मोडत नाही. पंचमंडळाने ते मान्य केले नाही. भारताने अपील केले, पण अपील मंडळ २०१९ च्या डिसेंबरपासून ठप्प असल्याने ते तिथेच राहिले. तांदूळ आणि ऊस यांतला फरक शिकण्यासारखा आहे: तांदळात पद्धतीवर वाद झाला तरी कागद समोर होता आणि समितीत प्रश्नोत्तरांनी निभावले, उसात कागदच नव्हता आणि गोष्ट खटल्यापर्यंत गेली. ‘हे आमच्या मते कळवण्याच्या कक्षेत येत नाही, कारण अमुक’ एवढे एक पान जरी दरवर्षी दिले असते तरी भारताची बाजू अधिक भक्कम झाली असती असे मला वाटते.

नमुन्यात काय बदलावे

पाचव्या पुरवणी तक्त्यात पात्र उत्पादनाच्या एका रकान्याऐवजी तीन असावेत: सरकारने आधी जाहीर केलेले प्रमाण, प्रत्यक्ष खरेदी आणि एकूण उत्पादन. देशाने त्यांतले कोणते हिशेबाला घेतले ते खूण करून सांगावे आणि एका वाक्यात का ते लिहावे. उत्पादनमूल्याचा रकाना सक्तीचा असावा. हिशेबाचे चलन मूळ आधारपत्रकापेक्षा वेगळे असेल तर दोन्ही चलनांतला आकडा द्यावा. भात-तांदूळ, ऊस-साखर, कापूस-सरकी अशा पिकांत रूपांतराचा उतारा नोंदवावा, कारण दोन तृतीयांश की ६७ टक्के एवढ्यानेही शेवटचा आकडा हलतो. यातले काहीही देशाच्या कायदेशीर भूमिकेला बाधक ठरणार नाही, असे तक्त्याच्या माथ्यावर स्पष्ट लिहावे. नाहीतर खरी माहिती देणारा देशच पुढच्या खटल्यात स्वतःविरुद्धचा साक्षीदार बनेल आणि दुसऱ्या वर्षी तो माहिती देणे बंद करेल. ही भीती काल्पनिक नाही. भारताची तांदळावरची प्रत्येक ओळ काही देशांनी आक्षेपासाठीच वाचली आहे, आणि तरीही ती दिली गेली याचे कारण त्या ओळीसोबत संरक्षण येत होते.

मुदतीबाबत वास्तव स्वीकारावे. नव्वद दिवसांत बहुतेक देशांचे उत्पादनाचे अंतिम अंदाजही तयार नसतात. त्या मुदतीत खरेदी, साठा आणि किंमत एवढेच हंगामी तक्त्याने द्यावे, कारण हे आकडे खरेदी यंत्रणेकडे रोज नोंदले जातात. आपल्याकडे भारतीय अन्न महामंडळ ते नियमितपणे प्रसिद्धही करते. मूल्याचा आणि टक्केवारीचा तक्ता वर्षभरात यावा. लहान देशांसाठी संघटनेच्या सचिवालयाने उपलब्ध सार्वजनिक आकड्यांवरून कच्चा तक्ता भरून पाठवावा आणि देशाने तो दुरुस्त करून परत द्यावा. कोऱ्या कागदापेक्षा चुकीचा कागद दुरुस्त करणे कोणत्याही कार्यालयात लवकर होते.

२०१८-१९ च्या तांदळावर समितीत नंतरही प्रश्न विचारले गेले: साठ्यातून निर्यात होत नाही याची खात्री कशी करता, इतर पिकांचे काय. २०२३ मध्ये अमेरिका आणि आणखी काही देशांनी २०१४-१५ पासूनच्या वर्षांसाठी गहू आणि तांदळावर नवी प्रति-अधिसूचना दिली, पुन्हा रुपयांत आणि पुन्हा एकूण उत्पादनावर. भारताने आपले तक्ते डॉलरमध्ये आणि खरेदीवर देणे चालू ठेवले आहे. पाचव्या पुरवणी तक्त्यात पात्र उत्पादनाचा रकाना अजून एकच आहे.